पाणी कवा गेलं?

मंगळवेढ्याच्या माझ्या दवाखान्यातलं बाळंतपणाचं जुनं रजिस्टर अजून माझ्या कपाटात आहे. लांबट, कापडी पाठीचं, दुकानातल्या रोजकीर्दीसारखं. नाव, गाव, वय, कितवी खेप हे रकाने छापून घेतलेले होते. एक रकाना मात्र मी पट्टीनं आखून स्वतः घातला होता: ‘पाणी गेल्याची वेळ’. तो आता वाचत बसलं की हसू येतं. ‘जनावरं सोडायच्या वक्ताला.’ ‘सोलापूरची पहिली गाडी गेल्यावर.’ ‘दिवेलागणीच्या जरा आधी.’ ‘भाकरी थापताना, तिसऱ्या भाकरीला.’ पुढे कंसात मी अंदाजानं घड्याळातली वेळ लिहायचे. पण बाईचे शब्द खोडायचे नाही. तिसरी भाकरी तव्यावर होती हे जिला आठवतं, तिच्या सांगण्यात चूक फार तर पाच मिनिटांची.

दिवस भरायच्या आत, कळा नसताना पाणी गेलं, की हा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा होतो. सदतीस आठवडे पुरे व्हायच्या आधी पाणमोट फुटणं हे शंभर गरोदरपणांतल्या दोन-तीन वेळा तरी होतं, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणांपैकी सुमारे तिसरा हिस्सा असाच सुरू होतो. पेच सांगायला सोपा आहे. मूल कच्चं आहे, त्याला आत आणखी राहू द्यायला हवं. पण पिशवीचं दार उघडलंय, आणि खालचे जंतू वर चढायला टपलेले आहेत. ठेवावं तर आईला नि बाळाला ताप, काढावं तर बाळाला श्वास पुरत नाही. ठेवायचं की काढायचं, या प्रश्नावर माझ्या हयातीत वैद्यकानं किमान तीनदा शब्द फिरवला. फिरवणाऱ्यांत मीही होते.

पाण्याच्या वेळेनंतरचा दुसरा प्रश्न महिन्याचा. इथं आमची गाठ डॉक्टरांच्या पुस्तकाआधी आजीबाईंच्या पुस्तकाशी पडायची. सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही, हे मी सोलापूर जिल्ह्यातल्या प्रत्येक गावात ऐकलं. समजूत अडाणी म्हणून उडवून लावण्याजोगी नाही, कारण तिचं घराणं मोठं आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात म्हटलंय की आठव्या महिन्यात ओज आईकडून गर्भाकडे आणि गर्भाकडून आईकडे ये-जा करत असतं, म्हणून त्या महिन्यातला जन्म धोक्याचा. तिकडे ग्रीसमध्ये हिपॉक्रॅटिसच्या परंपरेतल्या वैद्यांनीही आठमाशी मुलावर स्वतंत्र लेखन केलं आणि हेच सांगितलं: सातमाशी तगतं, आठमाशी जातं. शरीरशास्त्र याच्या उलट बोलतं. आत घालवलेला प्रत्येक आठवडा फुप्फुसाला बळ देतो. मग समजूत टिकली कशी? माझा आपला तर्क असा, की जगलेल्या मुलाला घरचे मागाहून ‘सातव्यातलं’ म्हणत आणि गेलेल्याला ‘आठव्यातलं’. महिना मोजण्यातच सगळी गोम होती.

ती गोम मला १९८५च्या कार्तिकी एकादशीला लख्ख दिसली. दुपारी एका खेड्यातून बैलगाडीनं सून आणि सासू आल्या. नवरा पंढरपूरला दिंडीत गेलेला. पाणी पहाटे गेलेलं, ‘काकड्याच्या टायमाला’. कळा नाहीत. ताप नाही. पॅडवर पाणी स्वच्छ, वास नाही. लिटमसचा कागद लावला तर निळा झाला. सासू भिंतीला टेकून बसली होती, रडणं संपलेलं.

“डॉक्टरीणबाई, सातवा आसता तर आशा धरली आसती. आठवा लागलाय.”

“पाळी कधी आली होती, मावशी?”

“पाडव्याला. गुढी हिनं उभारली न्हाई, मीच उभारली, म्हून ध्यानात हाय.”

पाडव्यापासून कार्तिकी म्हणजे सात महिने दहा दिवस. एकतीस आठवडे. माझ्याही पोटात गोळा आला, कारण एकतीस आठवड्यांचं मूल सांभाळायला माझ्याकडे दोनशेच्या बल्बखाली ठेवलेली एक लाकडी पेटी होती, बस्स. सोलापूर पन्नास-पंचावन्न किलोमीटर, आणि एस.टी.च्या गाड्या यात्रेला जुंपलेल्या. मग सवयीनं नजर भिंतीवरच्या ‘कालनिर्णय’कडे गेली. त्या वर्षी श्रावण दोनदा आला होता. एक अधिक, एक निज.

“मावशी, मधे धोंड्याचा महिना गेला की हो!”

“धोंडा कोन धरतंय, बाई?”

त्या महिन्यात जावयाला अनारसे वाढले होते. पोटातल्या मुलाच्या हिशेबात मात्र तो महिना कुणी घातला नव्हता. बोटांवर मोजलं, मग तारखांनी मोजलं: दोनशे सेहेचाळीस दिवस. पस्तीस आठवडे. पोटावर हात ठेवला तर गर्भाशयाची उंचीही तेच सांगत होती. चार आठवड्यांचं मूल एका पानात सापडलं. रजिस्टरमध्ये मी लिहिलं: ‘धोंडा धरून ३५’.

आता काय करायचं? मी त्या दिवशी काय केलं ते समजायला आणखी मागे जायला हवं, कारण माझा हात माझा एकटीचा नव्हता. त्याला शिकवलेलं होतं.

पाणी गेलेल्या बाईची भीती मुळात तापाची. व्हिएन्नाच्या मोठ्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइसनं १८४७ मध्ये पाहिलं, की शिकाऊ डॉक्टरांच्या विभागात बाळंतिणी तापानं मरतात आणि शेजारच्या सुइणींच्या विभागात त्या मानानं कितीतरी कमी. डॉक्टर मंडळी शवविच्छेदन करून तेच हात घेऊन लेबर रूममध्ये येत. त्यानं क्लोरिनच्या चुन्यात हात धुवायला लावले. त्याच्या विभागातले मृत्यू एप्रिलमध्ये शंभरात अठराच्या वर होते, ते जूनमध्ये दोनाच्या आसपास आले. त्याचं फारसं कुणी ऐकलं नाही, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. मला त्यातली वेगळी गोष्ट टोचते: बाईला मारणारा हात मदतीला आलेला होता.

पुढे १९३०च्या दशकात सल्फा आलं. लंडनच्या क्वीन शार्लट्स रुग्णालयात लेनर्ड कोलब्रुकनं ते बाळंतज्वरावर वापरून दाखवलं. मग पेनिसिलिन आलं. ताप आटोक्यात आला, पण धाक गेला नाही. मी मुंबईत शिकले ती १९७०च्या दशकाची दुसरी पंचवर्षी. तेव्हाचा नियम चोवीस तासांचा. आमचे सर म्हणायचे, “पाणी गेलं? चोवीस तासांत मूल बाहेर, मग निवांत चहा.” हा नियम पाळता येऊ लागला तो ऑक्सिटोसिनमुळे. व्हिन्सेंट द्यु व्हिनोनं १९५३ मध्ये ते प्रयोगशाळेत तयार केलं, १९५५ मध्ये त्याला नोबेल मिळालं, आणि आमच्यापर्यंत ते सलाईनच्या बाटलीतून पोहोचलं. पंप नव्हते. सिस्टर हातातल्या घड्याळाकडे बघत थेंब मोजायची, अर्ध्या तासानं दोन-चार थेंब वाढवायची, दुसरा हात पोटावर. कळ किती वेळ टिकली हे तो हात सांगायचा. आजच्या कुठल्याही मॉनिटरइतका मी त्या हातावर विश्वास ठेवते.

आणि हाताचीच दुसरी गोष्ट. एका रुग्णालयात, नाव घेत नाही, तीस आठवड्यांची एक बाई पाणी गेलेली आली. पिशवी किती उघडली हे बघायला हाऊसमननं तपासलं, रजिस्ट्रारनं तपासलं, सकाळच्या राउंडला सरांनी, मग ‘तूही बघून घे’ म्हणून विद्यार्थ्यांनी. दीड दिवसात केस पेपरवर नऊ तपासण्यांची नोंद होती. त्यांतल्या दोन माझ्या सहीच्या. हातमोजे निर्जंतुक होते, सगळं नियमानं होतं. तिसऱ्या दिवशी तिला थंडी वाजली. मूल गेलं. ती वाचली, पंधरा दिवस वॉर्डात पडून. जंतू वर चढवायला जंतूंनाच पाय लागतात असं नाही, आपली बोटं ते काम करतात, हे पुढे पाहण्यांतून सिद्ध झालं; बोटानं तपासलं की कळा लवकर लागतात आणि ताप वाढतो. कळा नसतील तर आत बोट घालायचंच नाही. निर्जंतुक स्पेक्युलमनं एकदा डोळ्यांनी पाहायचं, पाण्याचा थेंब काचपट्टीवर सुकवून नेच्याच्या पानासारखी नक्षी दिसते का ते बघायचं, आणि हात मागे बांधायचे. आमच्या पिढीला हे शिकायला फार जड गेलं. तपासणं म्हणजे काम करणं असंच आम्हाला वाटायचं.

आपल्याच भागातल्या एका माणसानं या दाराचा विचार दुसऱ्या बाजूनं केला होता. विठ्ठल नागेश शिरोडकर, गोव्यातल्या शिरोड्याचे, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्राध्यापक. काही बायकांचं गर्भाशयाचं तोंड वेळेआधी आपोआप उघडतं आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात पुन्हा पुन्हा गर्भ पडतो. शिरोडकरांनी तोंडाभोवती टाका घालून ते आवळायची शस्त्रक्रिया बसवली आणि १९५५ मध्ये छापली. सुरुवातीला ते मांडीच्या स्नायूवरच्या आवरणाची पट्टी काढून तीच टाक्याला वापरत. ‘शिरोडकर टाका’ हे नाव जगभर झालं. तो टाका पाणी जाण्यावरचा उपाय नव्हे. उलट टाका असताना पाणी गेलं की नवाच प्रश्न उभा राहतो, धागा कापायचा की ठेवायचा. पण लेबर रूममध्ये त्यांचं नाव निघालं की आम्हा मुलींना उगाच ताठ व्हायला व्हायचं.

तर ती कार्तिकी. पाणी जाऊन दहा तास झालेले, चोवीस तासांचा काटा फिरतोय, पस्तीस आठवडे नक्की. मी ड्रिप लावलं. पाच युनिट ऑक्सिटोसिन बाटलीत, थेंब मोजत. रात्री साडेअकराला मुलगा झाला. स्प्रिंगच्या काट्यावर दोन किलो शंभर. रडला. मग अर्ध्या तासानं कण्हायला लागला. प्रत्येक श्वासाला बारीक ‘अंह्’, बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जाणारी, नाकपुड्या फुललेल्या. ऑक्सिजनचं एक सिलिंडर होतं, फनेल नाकापुढे धरून बसलो. सासू पायाशी बसून विठ्ठल विठ्ठल म्हणत होती. माझ्या डोक्यात वेगळंच नाव घुमत होतं.

ते नाव पॅट्रिक केनेडीचं. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा मुलगा, ७ ऑगस्ट १९६३ ला साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन, हेच, दोन किलो शंभर. बोस्टनच्या रुग्णालयात त्याला उच्च दाबाच्या ऑक्सिजनच्या कोठीत ठेवलं, आणि एकोणचाळीस तासांनी तो गेला. फुप्फुसाच्या फुग्यांना आतून उघडं ठेवणारा जो स्निग्ध थर असतो तो कच्च्या बाळात पुरेसा नसतो, हे मेरी एलन एव्हरीनं १९५९ मध्येच दाखवलं होतं. कारण कळलं होतं, उपाय नव्हता. राष्ट्राध्यक्षाकडेही नव्हता, मग मंगळवेढ्यात मी काय करणार?

आमचं मूल तिसऱ्या दिवशी कण्हायचं थांबलं. कापसात गुंडाळून, आईच्या पदराखाली, चमच्यानं दूध पीत अकराव्या दिवशी घरी गेलं. बाप यात्रेहून परस्पर दवाखान्यात आला होता, बुक्क्याच्या कपाळानं.

मला पुढे कितीतरी वर्षं झोंबत राहिली ती एक बारकीशी गोष्ट. त्या रात्री माझ्या कपाटात डेक्सामेथासोनच्या कुप्या होत्या. दम्याला, अंगावर गांधी उठल्या तर, विंचू चावला तर आम्ही त्या वापरायचो. आणि न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचे ग्रॅहम लिगिन्स त्याच्याही तेरा वर्षं आधी सांगून बसले होते, की त्याच जातीचं औषध आईला दिलं तर बाळाचं फुप्फुस पिकतं. लिगिन्स शोधत होते ते वेगळंच: प्रसूती सुरू कोण करतं, आई की गर्भ? मेंढीच्या पोटातल्या कोकरांना त्यांनी स्टेरॉइड दिलं. जी कोकरं इतकी आधी जन्मून जगायलाच नको होती, ती श्वास घेताना दिसली. मग रॉस हॉवी या बालरोगतज्ज्ञाबरोबर त्यांनी बायकांवर चाचणी केली. २८२ आया. १९७२ मध्ये निकाल छापला: इंजेक्शन न मिळालेल्यांच्या बाळांत श्वासाचा त्रास शंभरात सव्वीसाला, मिळालेल्यांच्या बाळांत नवाला. तरी जग बावीस वर्षं घुटमळलं. पाणी गेलेल्या बाईला तर स्टेरॉइड नकोच, जंतूंना मोकळं रान मिळेल, असं बहुतेकांचं मत. १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेनं ते द्या म्हणून सांगितलं, पाणी गेलेलं असलं तरी. वैद्यकातले पुरावे गोळा करणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या बोधचिन्हात ज्या आडव्या रेघा आहेत, त्या याच इंजेक्शनच्या चाचण्यांच्या. माझ्या कपाटातली कुपी मी पाणी गेलेल्या बाईला पहिल्यांदा टोचली ती १९९५ मध्ये. सहा मिलिग्रॅम, बारा-बारा तासांनी, चार वेळा. सगळे मिळून खर्च एका वेळच्या भाजीइतका.

प्रतिजैविकांचंही असंच. ‘ओरॅकल’ नावाच्या मोठ्या चाचणीचा निकाल २००१ मध्ये आला, मुदतीआधी पाणी गेलेल्या चार हजार आठशेहून अधिक बायकांवरचा. साधं एरिथ्रोमायसिन दहा दिवस दिलं तर बाळांना फायदा. त्याहून भारी वाटणारं अॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलेनिक दिलं तर बाळांची आतडी सडण्याचा आजार वाढला. आमच्या गावात तेव्हा दुसरंच जास्त खपायचं, महागडं म्हणून. मीही लिहून दिलेलं आहे.

पण मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो नागपूर-बेळगावचा धडा. स्टेरॉइड इतकं गुणकारी, तर ते खेड्यापाड्यांत पोहोचवू, म्हणून सहा देशांत एक चाचणी झाली, सुमारे एक लाख जन्मांची. आपल्याकडे नागपूर आणि बेळगाव या दोन ठिकाणी. निकाल आला आणि सगळे गप्प झाले. लहान बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत. एकूण बाळांमध्ये मृत्यू थोडे वाढलेच, आयांना जंतुसंसर्गही जास्त. एक कारण मला तरी लगेच पटलं: ज्यांना इंजेक्शन मिळालं त्यांतल्या बहुतेकींची बाळं लहान नव्हतीच. महिना मोजणं चुकलं होतं. धोंडा कोण धरतंय! पुढे जागतिक आरोग्य संघटनेनं अटी घातल्या: आठवडे नक्की माहीत हवेत, आईला संसर्ग नको, बाळंतपणाची आणि कच्च्या बाळाची सोय हवी. या अटी पाळून भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत पुन्हा चाचणी झाली, त्यात बेळगावही होतं. २०२० मध्ये निकाल: डेक्सामेथासोननं नवजात मृत्यू शंभरात साडेतेवीसांवरून साडेएकोणीसांवर आले. औषध तेच, कुपी तीच. फरक आठवडे मोजण्याचा आणि पुढच्या सोयीचा.

आणि चोवीस तासांचा नियम? कच्च्या दिवसांत तो आधीच सैल झाला होता. चौतीस आठवड्यांच्या आत ताप नसेल, बाळाचे ठोके ठीक असतील, तर थांबायचं. तरी निम्म्याहून जास्त बायका आठवड्याभरात बाळंत होतातच, तेवढ्यात इंजेक्शनांना काम करायला वेळ मिळतो. बत्तिसाच्या आत कळा लागल्या तर बाळाच्या मेंदूसाठी मॅग्नेशियम. चौतीस ते सदतीसच्या मधल्यांचं काय, याला २०१६ मध्ये अकरा देशांतल्या अठराशेहून अधिक बायकांच्या चाचणीनं उत्तर दिलं. लगेच कळा सुरू केल्या काय नि वाट पाहिली काय, बाळाला जंतुसंसर्ग सारखाच कमी. पण घाई केलेल्या बाळांत श्वासाचा त्रास जास्त, आयांत सिझर जास्त. वाट पाहणाऱ्या आयांना ताप नि रक्तस्राव थोडा जास्त, म्हणून डोळ्यांत तेल घालून पाहणं आलं.

मी तो निबंध वाचला तेव्हा दवाखाना बंद करायच्या तयारीत होते. वाचून रजिस्टर काढलं. ‘धोंडा धरून ३५’. म्हणजे त्या कार्तिकीला ड्रिप लावायची घाई नव्हती. दोन दिवस थांबले असते तर कदाचित ते मूल कण्हलंच नसतं. कदाचित आईला ताप आला असता, आणि तेव्हा माझ्याकडे रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजायलाही कुणी नव्हतं. आजच्या आकड्यांनी त्या रात्रीला नापास करता येत नाही. पण महिना मोजला म्हणून पास झालेय, तेवढं कबूल करते.

२०२३ मध्ये पुन्हा श्रावण दोनदा आला. माझी एक भाची सोलापुरात स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. तिला फोनवर म्हटलं, धोंडा धर हं. ती हसली. “मावशी, पहिल्या तिमाहीची सोनोग्राफी असते प्रत्येकीची. आठवडा काय, दिवससुद्धा छापून येतो.”

खरं आहे. मग तिनंच सांगितलं, त्या दिवशी सकाळी एक बाई आली होती, तेहेतिसावा आठवडा, पाणी गेलेलं. सोनोग्राफीवर पाणी कमी दिसलं, रक्ताचे रिपोर्ट आले, बाळाच्या ठोक्यांचा कागद निघाला. पाणी कधी गेलं ते मात्र यातल्या कशातच नव्हतं. बाई घाबरून गप्प होती. नवरा म्हणाला, सकाळी. सासरा म्हणाला, रात्री.

“मग?”

“मग सगळ्यांना बाहेर काढलं आणि तिच्याजवळ स्टूल ओढून बसले.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, पहिला नळ आला तेव्हा. हंडा भरत होते, अर्धा झाला होता.”

आमच्याकडे नळ किती वाजता येतो ते मला माहीत नाही, पण तिच्या गल्लीत माहीत असणार. “तसंच लिहून ठेव,” म्हटलं, “आणि वेळ कंसात.”